घड्याळ कधी थांबतं? रिअल-टाइम डंजन क्रॉलर शोधायचा कसा

अंधारा दगडी बोळ, भिंतीवर मशाल, समोर लोखंडी दार आणि पडद्याच्या कडेला चार चेहरे. हे एकच चित्र दाखवून दोन पूर्णपणे वेगळे खेळ विकले जातात. एकात सांगाडा समोर आला की सगळं जागच्या जागी थांबतं, तुम्ही निवांत विचार करून हुकूम देता आणि मग तलवार चालते. दुसऱ्यात तुम्ही विचार करत बसलात तर सांगाडा तुमच्यासाठी खोळंबत नाही. मी एकदा नुसती चित्रं पाहून गेम घेतला. पहिला उंदीर दिसला, मी घाईघाईनं बाजूला सरकायला गेलो, तर पडद्यावर ‘हल्ला, बचाव, पळ’ अशी यादी उघडली. गेम वाईट नव्हता, पण मला हवा होता तो रिअल-टाइम डंजन क्रॉलर, म्हणजे भुयारात उतरून घड्याळ न थांबता लढायचा गेम. हा तो नव्हे.

त्यामुळे हा लेख ‘सर्वोत्तम दहा’ छापाचा नाही. तशा याद्या भरपूर मिळतात, आणि त्यातल्या निम्म्या याद्यांमध्ये पाळीपाळीनं लढायचे गेम बिनदिक्कत घुसलेले असतात. आपला गेम आपण कसा ओळखायचा, ते इथे पायरीपायरीनं सांगतो.

पायरी १ : घड्याळाचा प्रश्न विचारा

कुठलाही गेम समोर आला की पहिला प्रश्न हाच : वेळ कधी थांबतो? ‘रिअल-टाइम’ या एका शब्दाखाली बरेच प्रकार दडलेले असतात.

या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे एफटीएल गेम्सचा ‘डंजन मास्टर’. तो १९८७ मध्ये अटारी एसटी या संगणकावर आला. त्याआधी ‘विझर्ड्री’सारखे (१९८१) गेम होतेच, पण त्यांची लढाई पाळीपाळीची. डंजन मास्टरनं घड्याळ सुरू ठेवलं आणि सगळा रंगच बदलला. तुम्ही पिशवी उघडून भाकरीचा तुकडा शोधत असता तेव्हाही राक्षस चालत असतो. मशाल हळूहळू मंदावते. मंत्र म्हणायचा तर चिन्हं एकामागून एक दाबावी लागतात. जोर ठरवणारं चिन्ह, मग ‘फुल’, मग ‘इर’, की आगीचा गोळा सुटतो. समोर काही नसताना हे सोपं वाटतं. ममी दोन पावलांवर आली की बोटं चुकतात, आणि खरी गंमत तिथेच आहे.

दुसऱ्या टोकाला असे गेम आहेत, जिथे लढाई चालू वेळेत होते पण पिशवी किंवा मेनू उघडला की सगळं गोठतं. ‘डॅगरफॉल’ या जातीचा. मार खाल्ला की पिशवी उघडायची, तीन औषधं घशाखाली ओतायची आणि परत लढायला लागायचं. काहींना यात सुटका वाटते, काहींना लबाडी. मधला प्रकारही आहे. ‘माइट अँड मॅजिक ६’ (१९९८) मध्ये एक कळ दाबून चालू वेळेतून पाळीच्या लढाईत जाता येतं. ‘व्हेपोरम’ (२०१७) मध्ये तर तुम्ही काही करत नसाल तेव्हा वेळ थांबवून ठेवण्याची सोय आहे. हात मंद आहेत पण हा प्रकार मनापासून आवडतो, अशांनी व्हेपोरम जरूर लक्षात ठेवावा.

तुम्हाला यातलं कुठलं घड्याळ हवं, ते आधी ठरवा.

पायरी २ : घरं मोजत चालायचं की मोकळं?

हा दुसरा मोठा फाटा. जुन्या पद्धतीत सगळं भुयार चौकोनी घरांचं असतं. तुमची चौकडी सोंगटीसारखी एकत्र एका घरातून दुसऱ्या घरात सरकते आणि वळते ती काटकोनातच. चार जण मिळून एकच गोळा होऊन फिरतात म्हणून या गेमना ‘ब्लॉबर’ असं काहीसं हिणकस नाव पडलंय. नाव हसवणारं असलं तरी शोधताना कामाला येतं.

हे वाचून कुणी म्हणेल, घराघरांनी चालणं म्हणजे जुन्या मशिनची मजबुरी. सुरुवातीला होतीच. पण घरं असली की जागा मोजता येते, आणि जागा मोजता आली की कोडी रचता येतात. कुठल्या फरशीवर पाय ठेवला की कुठलं दार उघडतं, खड्डा किती वेळ बंद राहतो, दगड कुठे टाकायचा, हे सगळं त्यावरच उभं असतं. लढाईसुद्धा पायांनी लढता येते. दोन बाय दोनची मोकळी जागा शोधायची, मारायचं, बाजूला सरकायचं, वळायचं, पुन्हा मारायचं. राक्षस वळेपर्यंत तुम्ही त्याच्या कुशीला. जाणकार याला नाच म्हणतात. डंजन मास्टरमध्ये तर राक्षसाला दाराखाली बोलावून दार त्याच्या डोक्यावर पाडता येतं. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी पुढचा अर्धा तास दुसरं काहीच केलं नाही.

मोकळ्या चालीची शाखा ‘अल्टिमा अंडरवर्ल्ड’पासून सुरू होते. हा गेम मार्च १९९२ चा, म्हणजे ‘वुल्फेन्स्टाइन ३डी’च्याही आधीचा. त्यात वर-खाली पाहता येत होतं, उतार होते, पाण्यात पोहता येत होतं. इथे भुयार म्हणजे नुसता चक्रव्यूह नाही, राहती जागा आहे. त्यात टोळ्या आहेत, त्यांच्याशी बोलता येतं, भांडता येतं, सौदा करता येतो. आणि नकाशावर स्वतःच्या हातानं टिपा लिहिता येतात. ही सोय आजही कित्येक गेममध्ये नसते, याचं मला नेहमी नवल वाटतं.

घरांचे गेम डोक्याला आणि बोटांना चालना देतात, तर मोकळे गेम त्या जागेत राहायला लावतात. दोन्ही आवडू शकतात, पण पहिली खरेदी करताना आपला कल कुठे आहे ते माहीत असावं. एक व्यावहारिक गोष्टही सांगून ठेवतो. मोकळ्या चालीनं ज्यांचं डोकं गरगरतं, त्यांनी घरांच्या गेमपासून सुरुवात करावी. मोकळा गेम घेतलाच तर सेटिंग्जमध्ये दृष्टीचा कोन वाढवता येतो का आणि चालताना डोकं हलणं बंद करता येतं का, ते खरेदीआधीच पाहावं.

पायरी ३ : दुकानात शोधताना कुठले शब्द वापरायचे

स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात ‘डंजन क्रॉलर’ हा टॅग, म्हणजे गेमचा प्रकार सांगणारी चिठ्ठी, उघडलात तर वरून दिसणारे, पत्त्यांचे, पाळीचे असे सगळे गेम अंगावर येतात. त्याला ‘फर्स्ट-पर्सन’ (पात्राच्या डोळ्यांतून दिसणारे) जोडा. घरांचे गेम हवे असतील तर ‘ग्रिड-बेस्ड मूव्हमेंट’ जोडा. मग ‘टर्न-बेस्ड’ (पाळीचे) टॅग असलेले गेम वगळा. एवढ्यानं गर्दी बरीच ओसरते, पण टॅग लावणारे खेळाडूच असल्यानं शंभर टक्के भरवसा ठेवू नका. मोकळ्या शाखेसाठी ‘इमर्सिव्ह सिम’ हा टॅगही चाळून बघा. अल्टिमा अंडरवर्ल्डचे बरेचसे वारस तिथे सापडतात.

काही शब्द दिसले की मी सावध होतो. ‘डीआरपीजी’ (डंजन रोल-प्लेइंग गेम) हा त्यातला पहिला. जपानी धाटणीचे हे भुयारी गेम बहुतेक पाळीचेच असतात, ‘एट्रियन ओडिसी’ हे त्यातलं ठळक नाव. ‘क्लासिक’ आणि ‘ओल्ड-स्कूल’ या शब्दांना काहीच अर्थ नाही, ते दोन्ही बाजूंचे लोक वापरतात. उलट वर्णनात कुणी डंजन मास्टर, ‘आय ऑफ द बिहोल्डर’ किंवा ‘ग्रिमरॉक’चं नाव घेतलं असेल तर तो गेम बहुधा आपल्या गोत्रातला. ‘किंग्ज फील्ड’चं नाव असेल तर मोकळी चाल, संथ तलवार आणि जड एकटेपणा अपेक्षित धरा.

नावावरून विश्वास ठेवण्यात आणखी एक खड्डा आहे. आय ऑफ द बिहोल्डर मूळचा १९९१ चा, वेस्टवुड या कंपनीनं केलेला आणि चालू वेळेचा. पण त्याच नावानं २००२ मध्ये गेमबॉय ॲडव्हान्सवर आलेल्या गेममध्ये लढाई पाळीची होती. किंग्ज फील्डचा घोळ तर विचारूच नका. पहिला भाग १९९४ मध्ये फक्त जपानात निघाला आणि जपानातला दुसरा भाग अमेरिकेत पहिला म्हणून विकला गेला. कुणी ‘भाग दोन खेळ’ म्हणालं तर कुठला दोन, ते विचारून घ्या. ‘बार्ड्स टेल ४’ (२०१८) आणि ‘ऑपरेन्शिया’ (२०१९) चित्रांत अगदी आपलेच वाटतात, पण दोन्हींत लढाई पाळीची.

पायरी ४ : दहा मिनिटांचा कच्चा व्हिडिओ

ट्रेलर पाहू नका. ट्रेलरमध्ये सगळेच गेम चालू वेळेचे दिसतात. कुणी न बोलता, न कापता खेळलेला व्हिडिओ शोधा आणि सुरुवात सोडून साधारण तिसऱ्या तासाचा भाग लावा. तिथे चार गोष्टी बघा.

पिशवी उघडल्यावर मागे काही हलतंय का? पायरी एकचं उत्तर इथे डोळ्यांनी मिळतं. खेळणारा मार कसा चुकवतो? नुसतं समोर उभं राहून बटण बडवत असेल आणि तरी जिंकत असेल, तर लढाई पोकळ आहे. दोन खोल्यांमधला वेळ कशात जातो? भिंती निरखण्यात, शिलालेख वाचण्यात, बटणं शोधण्यात जात असेल तर रचणाऱ्यानं कष्ट घेतलेत. रिकामे बोळ तुडवण्यात जात असेल तर तेच बोळ पुढचे वीस तास तुडवायचे आहेत.

चौथी गोष्ट आवाज. व्हिडिओ ऐका, पण पडद्याकडे पाहू नका. चांगल्या भुयारात कोपऱ्यापलीकडचं जनावर दिसण्याआधी ऐकू येतं. संगीत सतत वाजत असेल आणि पावलं ऐकूच येत नसतील तर अर्धी भीती तिथेच गेली. ही कसोटी बाकी कुणी फारशी सांगत नाही, पण माझ्या अनुभवात हीच सगळ्यात कमी फसवते.

पायरी ५ : पहिला गेम कुठला

एकच नाव सांगायचं तर ‘लेजंड ऑफ ग्रिमरॉक’. एप्रिल २०१२ मध्ये फिनलंडच्या ऑलमोस्ट ह्यूमन या चार जणांच्या चमूनं तो काढला आणि मरगळलेल्या प्रकारात पुन्हा जीव आला. चार कैदी डोंगराच्या माथ्यावरून आत ढकलले जातात आणि मजला मजला खाली उतरत बाहेर पडायचं असतं. घरांची चाल, चालू घड्याळ, पुढे दोन मागे दोन अशी रांग. मंत्रांसाठी नऊ चिन्हांची पाटी, जी घाईत हमखास चुकते. निळे स्फटिक सापडले की जखमा भरतात. नकाशा आपोआप तयार होतो, आणि हौस असेल तर सुरुवातीलाच तो बंद करून कागदावर काढता येतो. पहिल्या खेळाला ही हौस करू नका. कागद हवाच असेल तर कोड्यांच्या खुणा टिपायला ठेवा.

चौकडी निवडताना नवखे एक चूक करतात, चारही लढवय्ये घेतात. मागच्या रांगेला लांब भाला, फेकण्याची हत्यारं किंवा मंत्र नसतील तर ती दोन माणसं नुसती शिधा संपवतात. पुढे दोन दणकट, मागे एक फेकणारा आणि एक मांत्रिक ही मांडणी सुरुवातीला पुरेशी आहे.

दुसरा भाग २०१४ चा. तो भुयारातून बाहेर पडून अख्ख्या बेटावर जातो, कोडी जास्त खट्याळ आहेत आणि राक्षस तुमच्या नाचाला सहज फसत नाहीत. मला तो पहिल्यापेक्षा चांगला वाटतो, पण आधी पहिलाच खेळावा. दुसऱ्यातली अर्धी गंमत पहिल्याच्या सवयी मोडण्यात आहे.

एकट्याच नायकाचा, यंत्रं आणि वाफेच्या जगातला गेम हवा असेल तर वर आलेला व्हेपोरम. त्याचा पूर्वकथेचा भाग ‘लॉकडाउन’ २०२० मध्ये आला. टंकलेखनाची आवड असेल तर ‘क्रिप्टमास्टर’ (२०२४) हा तऱ्हेवाईक प्रकार बघा. त्यात लढायचं ते शब्द टाइप करून, आणि लढाई चालू वेळेची की पाळीची, हे तुम्हीच निवडता.

मोकळ्या शाखेत आज सुरुवात करायची तर ‘लुनॅसिड’ (२०२३). किंग्ज फील्डचं ऋण तो लपवत नाही, पण त्याच्या मानानं बराच चपळ आहे. ‘मोनोमिथ’ २०२४ मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण होण्याआधीच विक्रीला, आला आणि त्याची नाळ थेट अंडरवर्ल्डशी जुळते. मित्रांसोबत उतरायचं असेल तर ‘बॅरोनी’ (२०१५). चार जणांपर्यंत एकत्र खेळता येतं आणि मेलात की सगळं पहिल्यापासून. पहिल्या दोन-तीन मजल्यांवर तुमचे मित्र राक्षसांपेक्षा जास्त धोकादायक ठरतील, हे गृहीत धरा.

मोठ्या नावांना भुलू नका. अंडरवर्ल्डच्या मूळ मंडळींपैकी काहींनी २०१८ मध्ये ‘अंडरवर्ल्ड असेंडंट’ काढला तेव्हा अपेक्षा आभाळाला टेकल्या होत्या, आणि तो आला तो बग्स आणि अर्धवटपणामुळे झोडपला गेला.

पायरी ६ : जुने गेम चालवायचे तर

एक-दोन नवे गेम झाले की जुन्यांकडे वळावंसं वाटतंच. इथे क्रम महत्त्वाचा. थेट डंजन मास्टरला हात घातलात तर नकाशा नाही, भूक-तहान आहे, मार्गदर्शन शून्य. बरेच जण दुसऱ्या मजल्यावरच सोडून देतात.

त्याऐवजी ‘लँड्स ऑफ लोअर’ (१९९३) आधी घ्या. बिहोल्डर करणाऱ्या वेस्टवुडचाच हा पुढचा गेम. नकाशा आपोआप, चित्रं आजही देखणी, आणि सीडीवरच्या आवृत्तीत राजा रिचर्डला नट पॅट्रिक स्ट्युअर्टचा आवाज. मग आय ऑफ द बिहोल्डरचे पहिले दोन भाग. हे तिन्ही ‘स्कमव्हीएम’ या मोफत प्रोग्रॅममध्ये चालतात. मूळ गेमच्या फायली असलेला फोल्डर त्याला दाखवायचा, तो गेम ओळखतो, संपलं. बाकीच्या डॉस काळातल्या (विंडोजआधीच्या) गेमसाठी ‘डॉसबॉक्स’ हा तसाच मोफत प्रोग्रॅम. जीओजी या ऑनलाइन दुकानातून घेतलेल्या जुन्या गेमसोबत तो बहुधा जोडूनच येतो, त्यामुळे वेगळी खटपट लागत नाही. बिहोल्डरमध्ये आपोआप नकाशा नाही, तेव्हा चौकटीची वही लागेल. वहीवर उत्तर दिशा आधी लिहा. फिरत्या फरश्या तुम्हाला गुपचूप वळवतात आणि मग कागदावरचं भुयार स्वतःलाच छेदायला लागतं.

‘आर्क्स फॅटालिस’ (२००२) हा आर्केन या स्टुडिओचा पहिला गेम. त्यांना खरं तर अंडरवर्ल्डचा तिसरा भाग करायचा होता. सूर्य विझलाय, म्हणून सगळे जमिनीखाली राहायला गेलेत, अशी त्याची बैठक. मंत्र माउसनं हवेत चिन्ह काढून टाकायचे. त्याचा सोर्स कोड २०११ मध्ये खुला झाला आणि त्यातून ‘आर्क्स लिबर्टाटिस’ हा प्रकल्प उभा राहिला. गेम विकत घ्या, पण खेळा तो लिबर्टाटिसमधूनच, आजच्या मशिनवर तो जास्त सुरळीत चालतो. आणि लढाई दिसतेय तर मंत्र आधीच रचून ठेवा, तशी सोय गेममध्येच आहे.

डॅगरफॉल (१९९६) मोफत मिळतो, आणि चाहत्यांनी नव्यानं बांधलेली ‘डॅगरफॉल युनिटी’ २०२३ च्या अखेरीस १.० पर्यंत पोहोचली. त्याची भुयारं अक्राळविक्राळ आहेत, तिन्ही दिशांना पसरलेली, आणि त्यांचा नकाशा पाहिला की आतड्यांचा फोटो आठवतो. युनिटीच्या सेटिंगमध्ये भुयारं लहान करण्याचा पर्याय आहे. तो लाज न बाळगता चालू करा.

पायरी ७ : पहिले दोन तास

स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात, जीओजीवर मुदत ३० दिवसांची आहे. म्हणून स्टीमवरचे पहिले दोन तास परीक्षेसारखे वापरा. पात्रं बनवण्यात पाऊण तास घालवू नका, तयार चौकडी घ्या आणि उतरा. कळा आपल्या हाताला जुळवून घ्या. ग्रिमरॉकसारख्या गेममध्ये डब्ल्यू-ए-एस-डीनं सरकायचं आणि क्यू-ईनं वळायचं असतं. बाजूला सरकणं आणि वळणं यांत बोटांची गल्लत होते तोवर लढाईबद्दल मत बनवू नका. त्यासाठी रिकाम्या खोलीत दहा फेऱ्या मारा, खांब असेल तर त्याच्याभोवती, तोंड कायम खांबाकडे ठेवून. वेड्यासारखं वाटतं, पण त्यानंतर पहिल्या कोळ्याशी गाठ पडते तेव्हा हात आपोआप चालतात.

दोन तासांत एकदा तरी मरा. मेल्यावर ‘माझं कुठे चुकलं’ हे कळलं तर गेम ठेवा. ‘हे काय झालं’ एवढंच मनात आलं, आणि दुसऱ्यांदाही तेच, तर परत करा.

पुढची वाट

इथवर आलात की नवा गेम शोधायला दुकानाची गरज कमी होते. ग्रिमरॉकच्या दोन्ही भागांसोबत भुयार रचायचा एडिटर मिळतो आणि स्टीम वर्कशॉपवर खेळाडूंनी रचलेली भुयारं पडून आहेत. काही कच्ची आहेत, काही मूळ गेमला लाजवतील अशी. निवडताना वर्णनापेक्षा खालच्या प्रतिक्रिया वाचा, आणि त्यातही ‘तिसऱ्या मजल्यावरचं कोडं सुटत नाही, कुणी सांगेल का’ असं विचारणाऱ्या. लोक अडकून सोडून न देता विचारत बसलेत म्हणजे भुयारात दम आहे.

एडिटर उघडलाच तर स्वतः एक खोली रचून बघा. एक दार, एक दाबाची फरशी, एक खड्डा. मग शेजारच्याला खेळायला बसवा आणि मागे उभं राहून काही न बोलता बघा.